बंदूक एकाची, काडतुसं घराची

परवाना आजोबांच्या नावावर. बार काढायचे तेच. ते घरी नसले तर बंदुकीच्या खुंटीकडे कुणी हात नेत नसे. काडतुसं भरणं मात्र सगळ्या घराचं काम होतं. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या पट्ट्यात ज्यांचं लहानपण साठ-सत्तरच्या दशकात गेलं, त्यांच्यातल्या काहींना तरी ही भरणी आठवत असेल. आम्ही सगळी भावंडं, चुलत, आते, मावस, लग्नाकार्यात एकत्र आलो की शिकारीच्या गोष्टी फारशा निघत नाहीत, भरणीच्या निघतात. शिकारीला आमच्यापैकी कुणी गेलेलंच नव्हतं. भरणीला सगळी होतो.

गावात बहुतेकांकडे ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचं, मग छरे, पुन्हा बोळा, आणि शेवटी मागच्या बाजूला दारू पेटवणारी केप बसवायची. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुकरं मळा ओलांडून गेलेली असत. आमच्याकडे होती बारा बोअरची दुनळी. पणजोबांनी घेतलेली, आणि तिच्याबरोबर आलेली एक सागवानी पेटी. बारा बोअर म्हणजे काय, हे आजोबांनी आम्हाला पाटीवर गणित घालून शिकवलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी या नळीत नेमकी बसते. पौंडाचे ग्रॅम करा आणि बाराने भागा. उत्तर 38 ला थोडं कमी आलं की ते मान डोलावत. आमच्यातल्या कित्येकांना पौंड-औंसाचं कोष्टक शाळेच्या आधी या पेटीने शिकवलं.

पेटीत काय होतं ते सांगते, कारण आता ती पाहिलेली माणसं थोडी उरली आहेत. लाकडी मुठीचं एक पितळी माप होतं, शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्सचा शिक्का असलेलं. त्याचा तळ वरखाली सरकवता यायचा आणि अंगावर खुणा कोरलेल्या होत्या, एका बाजूला दारूसाठी ड्रॅमच्या, दुसऱ्या बाजूला छऱ्यांसाठी औंसाच्या. फुटकी केप मागून ढकलून काढायचा पोगर होता. नवी केप दाबून बसवायचं हत्यार थेट अडकित्त्यासारखं. पुठ्ठ्याच्या आणि नमद्याच्या चकत्या पाडायचे दोन पोकळ पोगर, एक पितळी नरसाळं, ठासायला लाकडी दांडा, आणि काडतुसं उभी करून ठेवायला भोकं पाडलेला फणसाच्या लाकडाचा ठोकळा. सगळ्यांत जड होतं ते कागदी काडतुसाची कड आत वळवायचं यंत्र. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, काडतूस त्यात धरायचं आणि दांडी फिरवायची. कड अशी गोल वळून बसे की कारखान्यातून आलेलं कुठलं आणि घरात भरलेलं कुठलं ते ओळखू येऊ नये.

घरी भरायची वेळ का आली, त्याचं कारण साधं होतं. पणजोबांच्या काळात विलायती काडतुसं मिळत. एली-किनॉकच्या रंगीत पेट्या माळ्यावर होत्या, त्यांत पुढे आम्ही चिंचोके ठेवत असू. दुसऱ्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली, आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आल्यावर मिळाली तरी परवडेनाशी झाली. मग माळ्यावरची सागवानी पेटी खाली आली. म्हणजे आजोबांनाही ती वारशानेच मिळाली होती आणि तीही वडिलांनी न शिकवता; पणजोबा तोवर गेले होते. आजोबांनी एकेक हत्यार हातात घेऊन, ते कशासाठी असेल याचा विचार करून, सावंतवाडीच्या एका जुन्या शिकाऱ्याकडे महिनाभर बसून सगळं शिकून घेतलं. मला त्यांच्या नेमबाजीपेक्षा या गोष्टीचं मोल जास्त वाटतं.

त्यांना पहिला धडा मिळाला तो कोकणच्या हवेकडून. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगतं. फुगलं की नळीत शिरत नाही, आणि बळेच शिरवलं तर बार झाल्यावर निघत नाही. म्हणून त्यांनी पितळी नळकांडी धरली, जी पुन्हा पुन्हा भरता येतात. पण पितळेची भिंत कागदापेक्षा पातळ, म्हणून आतली जागा रुंद. बारा बोअरची चकती तिथे सैल पडते, दारूचा जोर तिच्या बाजूने निसटतो आणि बार फुसका जातो. पितळेला एक-दोन मापं मोठी चकती लागते. पेटीत दोन पोगर का होते, ते तेव्हा कळलं. लहान पोगर कागदी काडतुसांचा, मोठा पितळी.

भरणी वर्षातून दोनदा व्हायची. एक वैशाखात, हवा कोरडी असताना, आणि दुसरी चवथीनंतर, हळवं भात पोटरीला येऊन डुकरं उतरायला लागायच्या आधी. तारीख आजोबा ठरवत, पण काम सुरू होई ते आजीपासून. मागच्या हंगामातली रिकामी नळकांडी तिच्याकडे यायची. काळ्या दारूची काजळी आत चिकटून बसते, आणि ती तशीच राहिली तर दमट हवेत पितळ खाते. आजी ती आधी कढत पाण्यात घालायची, मग चिंचेच्या कोळात. देवाची भांडी ज्या चिंचेने घासायची तीच चिंच, तोच काथ्याचा घासणीचा बोळा, फक्त टोप वेगळा. त्या टोपात घरात कधी काही शिजलं नाही. मग दोन-तीन पाण्यांतून काढून, सुपात उलटी मांडून, अंगणात उन्हाला. चिंचेचा आंबटपणा आत राहिला तर नुकसान, म्हणून शेवटच्या पाण्याची ती स्वतः चव घेऊन बघायची. पाहुण्यांना वाटायचं, पूजेची फुलपात्रं वाळताहेत.

वाळलेलं प्रत्येक नळकांडं आजोबा उजेडाकडे धरून बघत. तोंडाशी किंवा बुडाजवळ केसाएवढी चीर दिसली तरी ते बाजूला. बाजूला काढलेलं परत कुणी उचलू नये म्हणून ते तिथल्या तिथे हातोडीने चेपायचे. पैशाला पैसा जोडणारा हा माणूस चांगलं पितळ चेपताना क्षणभरही थांबत नसे.

मग कामं वाटली जात. काका पोगराने फुटक्या केपा काढायचे. चकत्यांसाठी पुठ्ठा आमच्या वह्यांचा आणि नमदा आजोबांच्या जुन्या फेल्ट टोप्यांचा. चकत्या उभ्या रेषेच्या लाकडावर पाडायच्या, म्हणजे पोगराची धार टिकते. नमद्याच्या चकत्यांना मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून चोळायचं, त्याने नळीतली काजळी मऊ राहते आणि साफ करायला सोपी जाते. मेण पातळ करायचं काम आदल्या दिवशी, चुलीवर. भरणीच्या दिवशी चूल बंद असायची.

आम्हा मुलांच्या वाट्याला छरे. काही विकतचे असत, काही घरी पाडलेले, आणि घरच्यांत चपटे, शेपटीवाले, जोडलेले असे नाना प्रकार निघत. पितळी परात एका बाजूने किंचित उचलून धरायची आणि वरच्या कडेला मूठभर छरे सोडायचे. गोल असतील ते सरळ घरंगळत खालच्या कडेला जातात. वेडेवाकडे असतील ते मध्येच अडतात किंवा तिरके पळतात. अडलेले वेचून पुन्हा वितळवायच्या डब्यात टाकायचे. तासन् तास हे करता यायचं. परातीवर शिशाचा एक सुरेख आवाज होतो, पावसाच्या सुरुवातीचे थेंब पडावेत तसा नाही, त्याहून जड. आम्हा भावंडांत कुणी परात उचलली तरी तो आठवतो. हे झालं की आजी दारात उभी. "हात धुवन ये, मगे चुलीकडे." तेही नुसत्या पाण्याने नाही, राखेने आणि नखांतून. शिसं पोटात जाऊन काय करतं हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, पण तिचा नियम डॉक्टरांच्या नियमाइतकाच कडक होता. ती परातही स्वयंपाकघरात कधी आली नाही.

दारूची वेळ आली की घराचा सूर बदलायचा. भर दुपारी, उजेडात, ओटीवर. विडी ओढणारे पुरुष विडी-काडेपेटी पायरीवर ठेवून मगच वर येत. लोखंडाची वस्तू जवळ नसायची. माप पितळी, नरसाळं पितळी, दांडा लाकडी. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडते हे आम्हाला विळीला धार लावणाऱ्याकडे बघून ठाऊक होतं, त्यामुळे समजवावं लागलं नाही. डबा एकच उघडा, त्यातूनही तेवढ्यापुरती दारू वाडग्यात काढून डबा पुन्हा बंद आणि आतल्या खोलीत. आम्हाला ओटीच्या कठड्यापलीकडे बसायची परवानगी होती, एका अटीवर. "दारूक हात लावचो नाय, आणि दारू आसा थंय बोलाचा नाय." त्यातलं दुसरं पाळणं जास्त कठीण होतं आणि आजोबांना जास्त महत्त्वाचं तेच वाटे. बोललं की मोजणाऱ्याचं लक्ष जातं. लक्ष गेलं की एका नळकांड्यात दोनदा पडतं, नाहीतर एकदाही नाही.

म्हणून तो ठोकळा. सगळी नळकांडी त्यात ओळीने उभी करून दारू घातली की आजोबा चष्मा पुसायचे, ठोकळा उन्हाकडे तिरपा करायचे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकात डोकावून बघायचे. सगळीकडे पातळी एक हवी. त्यांच्यानंतर काका तेच करायचे. दोघांनी पाहिल्याशिवाय एकही चकती आत जात नसे. काकांना कधी काही वेगळं दिसलं असं ऐकिवात नाही, तरी दुसऱ्याने बघणं सुटलं नाही.

मग पुठ्ठा, नमदा, छरे, आणि वर पातळ चकती. पितळेची कड वळत नाही, म्हणून वरच्या चकतीभोवती मेण दाबून तोंड बंद करायचं. या वरच्या चकतीवर आत काय आहे ते लिहावं लागतं, आणि हे काम माझं. अक्षर चांगलं म्हणून. 4, 6, बीबी, एलजी. एलजी म्हणजे मोजकेच पण मोठे छरे, डुकरासाठी. 6 म्हणजे बारीक, पाखरांचे. मी लिहिलेलं आजोबा अंधारात, राखणीच्या माळ्यावर बसून, बोटाने चाचपून वाचू शकत नसत, म्हणून पुढे एलजीच्या मेणावर नखाने फुली मारायची पद्धत पडली. ती युक्ती आत्याची. तिला बंदुकीत काडीचाही रस नव्हता.

भरलेली काडतुसं मोजून वहीत मांडली जात. परवान्यावरच लिहिलेलं असे, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची. दुकानदार दारू आणि केपा देताना परवान्याच्या मागच्या पानावर नोंद करून सही करी. आजोबांची घरची वही त्याच्याशी जुळलीच पाहिजे. किती फुटली, कुठल्या शेतात, काय लागलं. बहुतेक नोंदींपुढे "काही नाही, पळवलं" असं आहे. राखणीचा हेतूच तो होता. पिकलेल्या वाफ्यात डुकरांची एक टोळी रात्रभर लोळली तर मागे कापायला काही राहत नाही. मांगरात जागणाऱ्या माणसाला एका आवाजाचा आधार लागे, आणि तो आवाज खात्रीने निघावा म्हणून ओटीवरचा एवढा खटाटोप.

1962 च्या ऑक्टोबरपासून 1959 चा नवा शस्त्र कायदा लागू झाला तेव्हा 1878 पासूनचा जुना कायदा गेला, पण आमच्या ओटीवर फारसा फरक पडला नाही. फरक पडला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. शिकार थांबली. ती थांबायलाच हवी होती; आजोबाही तसंच म्हणत, कारण लहानपणी पाहिलेलं रान त्यांच्या डोळ्यांदेखत ओसाड होत गेलं होतं. उरले ते आवाजाचे बार. त्याच सुमारास खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं दुकानात मिळायला लागली. 1869 पासून दारूगोळा बनवणारा तो कारखाना. त्याची काडतुसं पावसात फुगली नाहीत आणि खात्रीने फुटली. भरणीचं कारण संपलं. शेवटची भरणी कधी झाली ते आमच्यात कुणालाच नक्की सांगता येत नाही. ती शेवटची आहे असं तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं.

आजोबा गेल्यावर बंदूक जमा करावी लागली, कायद्यानुसार. मग वारस म्हणून काकांच्या नावावर परवाना होईपर्यंत बराच काळ गेला आणि पुष्कळ खेटे पडले. पेटी मात्र घरातच होती. वाटण्यांच्या वेळी बंदुकीबद्दल कुणी शब्द काढला नाही, परवाना एकाच नावावर असतो हे सगळ्यांना माहीत. पेटी प्रत्येकाला हवी होती. शेवटी ठरलं की ती मूळ घरातच राहील आणि खंडेनवमीला जो येईल त्याने पुसायची. दुनळी, पेटी, कोयता, नांगराचा फाळ, सगळ्यांवर झेंडू.

आता पुढची पिढी त्या पेटीभोवती घुटमळते. माझा एक भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्या बायकोच्या आजोबांनी जाताना गॅरेजमधला काडतुसं भरायचा सगळा सरंजाम नातजावयाला दिला: टेबलाला बोल्टने आवळलेला लोखंडी प्रेस, साचे, तराजू, आणि कडा झिजलेलं जुनं पुस्तक. तिकडे हा रीतसर छंद आहे, त्यासाठी दुकानं आहेत. आरसीबीएससारखी नावं 1943 पासून या धंद्यात आहेत. त्याने मला फोनवर विचारलं, सुरुवात कशी करू. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. मी सांगितलं ते आजोबांचंच. लोखंडाला काही होत नाही, गंज काढ, तेल दे. तराजूवर मात्र विश्वास ठेवू नकोस, आधी ठरावीक वजनं टाकून तपासून घे. आजेसासऱ्यांच्या उघड्या डब्यातली दारू आणि सुट्या केपा वापरू नकोस. डब्यावर नाव आहे म्हणजे आत तेच आहे असं होत नाही. जुन्या पुस्तकातले आकडे आजच्या दारूला लागू पडतीलच असं नाही, बनवणाऱ्याचं आजचं पुस्तक घे. आणि पहिले काही दिवस जाणत्या माणसाशेजारी नुसता बस.

त्याला आमच्या पेटीतलं पितळी मापही हवं होतं, आठवण म्हणून तिकडे वापरायला. मी नाही म्हटलं, आणि का ते समजावलं. त्यावरच्या खुणा काळ्या दारूच्या आहेत. काळी दारू मापाने घेतात. आजची धूर न होणारी दारू तेवढ्याच मापात कितीतरी पट जोर करते. तिचं वजनच करावं लागतं. पणजोबांच्या मापाने ती भरली तर नळी हातात फुटेल. आजोबांनी हे मापाच्या लाकडी मुठीवर चाकूने कोरून ठेवलं आहे: "फक्त काळी". कोरताना त्यांच्या डोळ्यांपुढे नातू-पणतू असणार, कारण स्वतःला ते सांगायची त्यांना गरज नव्हती.

इथे, गावाकडे, ज्यांना माळा आवरताना अशी पेटी सापडते त्यांनाही एवढं सांगणं आहे. हत्यारं पुसा, तेल द्या, फोटो काढा, मुलांना हातात धरू द्या. पण पेटीत किंवा कोपऱ्यात भरलेली काडतुसं, केपा किंवा दारूचा डबा निघाला तर उघडू नका, उन्हात ठेवू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका. आहे तिथे राहू द्या, मुलांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा. काळी दारू म्हातारी झाली म्हणून निवत नाही. कोरडी राहिली असेल तर शंभर वर्षांनीही पेट घेते. बंदूक निघाली आणि परवाना दिसत नसेल तर तेही त्याच वेळी सांगा.

भाच्याने आता भरणीची सगळी हकिगत लिहून काढायचं मनावर घेतलं आहे, दर रविवारी फोनवर एकेकाला गाठून. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव. धुणं आजी, पोगर काका, छरे आम्ही मुलं, अक्षर मी, नखाची फुली आत्या. चकत्या पाडण्यावरून काका आणि आत्या यांचं एकमत होत नाही. दोघंही म्हणतात, ते काम माझंच होतं, आणि दोघांनाही पोगराखालच्या लाकडाचा वास आठवतो. भाच्याने दोन्ही नावं घातली आहेत.